शेजारी देशांतील पेट्रोलच्या भावांची तुलना: योग्य क्रम, पडताळणी आणि नेहमीच्या चुका

शेजारी देशांत पेट्रोल किती स्वस्त आहे हे सांगणारी यादी वर्षातून एक-दोनदा तरी व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडते, आणि तिच्यातील आकडे तपासण्याआधीच तिच्यावर वाद सुरू होतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये फिरलेली यादी पुष्कळांना आठवत असेल: रामाच्या भारतात ९३, सीतेच्या नेपाळमध्ये ५३ आणि रावणाच्या लंकेत ५१ रुपये. यातील लंकेचा आकडा त्या दिवसाच्या विनिमय दराने बरोबर होता. नेपाळचा साफ चुकीचा होता, कारण तेथील पेट्रोल तेव्हा भारतीय रुपयांत सत्तरच्या जवळ होते. भारताचा आकडा अर्धाच खरा होता, कारण ९३ हा मुंबईचा भाव होता आणि त्याच दिवशी दिल्लीत पेट्रोल सुमारे ८६ रुपयांना मिळत होते. म्हणजे एका ओळीत तीन आकडे आणि तिन्हींचा खरेपणा वेगळा.

अशी यादी स्वतः करायची असेल, किंवा कोणी केलेली तपासायची असेल, तर पुढील टप्पे याच क्रमाने घ्यावेत. क्रमाचा आग्रह अशासाठी की बहुतेक जण पहिल्याच पायरीवर भाव रुपयांत बदलून घेतात आणि प्रत, ठिकाण व तारीख हे प्रश्न नंतर विचारतात. तोवर मूळ आकडा हरवलेला असतो आणि चूक कोठे झाली हे शोधता येत नाही.

टप्पा १: प्रश्न आधी ठरवा

पेट्रोल कोठे स्वस्त आहे, हा एक प्रश्न नसून चार प्रश्न आहेत. गाडी घेऊन सीमेपलीकडे जाणाऱ्याला पंपावर किती रुपये मोजावे लागतील हे हवे असते. सीमेलगत राहणाऱ्याला फेरी मारून टाकी भरणे परवडते का हे हवे असते. करांवर लिहिणाऱ्याला करापूर्वीची किंमत हवी असते. आणि तेथील माणसाला पेट्रोलची झळ किती बसते हे पाहणाऱ्याला त्या देशातील मिळकतीशी भाव ताडून पाहावा लागतो.

या चारही प्रश्नांची उत्तरे एकाच आकड्यात सापडत नाहीत. श्रीलंकेचे पेट्रोल पहिल्या प्रश्नाला मुंबईपेक्षा स्वस्त आणि चौथ्या प्रश्नाला कितीतरी महाग ठरू शकते, आणि दोन्ही उत्तरे खरी असतात. म्हणून आपला प्रश्न एका वाक्यात कागदाच्या वरच्या बाजूला लिहावा. तो लिहिता येत नसेल तर आकडे गोळा करण्याची घाई करू नये.

टप्पा २: तक्ता आखा आणि अधिकृत भाव गोळा करा

प्रत्येक देशासाठी एक ओळ धरावी आणि तिच्यात हे रकाने ठेवावेत: देश, शहर, पेट्रोलची प्रत, भाव स्थानिक चलनात, तो भाव लागू झाल्याची तारीख, भाव कोणी जाहीर केला, विनिमय दर, दराची तारीख आणि सर्वांत शेवटी रुपयांतील भाव. रुपयांचा रकाना सहाव्या टप्प्यापर्यंत रिकामाच राहू द्यावा.

भाव कोठून घ्यावा हे देशागणिक बदलते. नेपाळमध्ये पेट्रोलची आयात नेपाळ ऑइल निगम ही एकच सरकारी संस्था करते आणि भावही तीच जाहीर करते. बांगलादेशात मार्च २०२४ पासून सूत्रानुसार दरमहा भाव ठरवण्याची पद्धत आली असून तो सरकार जाहीर करते. श्रीलंकेत सिलोन पेट्रोलियम कॉर्पोरेशनचा मासिक बदल हा आधार धरावा. तेथे लंका आयओसी आणि सिनोपेक यांचेही पंप असल्यामुळे कोणत्या कंपनीचा भाव घेतला हे नोंदवावे. पाकिस्तानात ओग्रा ही नियामक संस्था हिशेब करते आणि घोषणा सरकार करते. भारतात तेल कंपन्यांच्या संकेतस्थळांवर शहरवार भाव मिळतात, आणि पेट्रोलियम मंत्रालयाचा पीपीएसी हा विभागही शेजारी देशांच्या भावांचे कोष्टक प्रसिद्ध करतो. ते उपयोगी आहे, मात्र अशा सरकारी तुलनेत भारताचा भाव म्हणून सहसा दिल्लीचाच आकडा असतो हे ध्यानात ठेवावे.

सावधान: वर्तमानपत्रातील बातमीत भाव आधीच रुपयांत बदलून दिलेला असेल तर तो तक्त्यात घेऊ नये. त्यामागील विनिमय दर कोणता आणि तो कोणत्या दिवसाचा होता, हे सहसा कळत नाही. मूळ चलनातील आकडा मिळेपर्यंत शोधावे.

टप्पा ३: एकाच प्रतीचे पेट्रोल समोरासमोर ठेवा

'पेट्रोल' हे नाव सगळीकडे एकाच वस्तूचे नाही. बांगलादेशातील पंपावर 'पेट्रोल' आणि 'ऑक्टेन' असे दोन वेगळे भाव लिहिलेले असतात. पहिल्याचे ऑक्टेन मूल्य (इंजिनात पेट्रोल अवेळी पेटू नये ही क्षमता दाखवणारा आकडा) ८९ च्या घरात आणि दुसऱ्याचे ९५ असते. श्रीलंकेत ९२ आणि ९५ अशा दोन प्रती विकल्या जातात व त्यांच्या भावांतील फरक कधी कधी बराच मोठा असतो. जून २०२२ अखेर तेथे ९२ ची प्रत ४७० श्रीलंकन रुपयांना आणि ९५ ची ५५० ला होती. पाकिस्तानात साधारण विकले जाणारे पेट्रोल ९२ ऑक्टेनचे आहे. भारतात पूर्वी साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे असे; ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, आल्यानंतर त्याचे किमान ऑक्टेन मूल्य ९५ झाले आहे.

येथे मोह होतो तो भारतीय ई-२० आणि श्रीलंकेचे ९५ ऑक्टेन समोरासमोर ठेवण्याचा, कारण आकडा एकच दिसतो. तसे करू नये. ई-२० चे ऑक्टेन वाढते ते इथेनॉलमुळे, आणि एक लिटर इथेनॉलमधून मिळणारी ऊर्जा एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच असते. वीस टक्के इथेनॉल धरले तर ई-२० च्या एका लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण सहा ते सात टक्के ऊर्जा कमी भरते. म्हणजे १०० रुपयांचा ई-२० चा लिटर ऊर्जेच्या हिशेबाने १०७ रुपयांच्या शुद्ध पेट्रोलइतका पडतो. प्रत्यक्ष मायलेज किती घटेल हे इंजिनावर अवलंबून असल्यामुळे ही दुरुस्ती मुख्य रकान्यात मिसळू नये. वेगळा रकाना करावा आणि त्यावर 'ऊर्जेनुसार' असे स्पष्ट लिहावे.

सर्वसाधारण तुलनेसाठी प्रत्येक देशात सर्वाधिक विकली जाणारी प्रत घ्यावी. भारतातील एक्सपी-९५ किंवा पॉवर यांसारखे महागडे पेट्रोल तुलनेत आणू नये.

पडताळणी: तक्त्यातील प्रत्येक ओळीत 'पेट्रोल' याखेरीज प्रतीचा आकडा किंवा नाव आले आहे का? एक जरी रकाना रिकामा असेल तर पुढे जाऊ नये.

टप्पा ४: ठिकाण निश्चित करा

देशाचा भाव अशी गोष्ट भारतात अस्तित्वात नाही. केंद्राचे उत्पादन शुल्क सगळीकडे सारखे असले तरी राज्याचा व्हॅट आणि डेपोपासूनचा वाहतूक खर्च बदलतो. मराठी वाचकाला हे सांगण्याची गरज नसावी. परभणीचा भाव राज्यात सर्वांत चढा म्हणून नेहमी बातमीत येतो, कारण तेथे पेट्रोल मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून दूरवर आणावे लागते. बांद्याचे लोक पत्रादेवी ओलांडून गोव्यात टाकी भरतात आणि कोल्हापूरकर निपाणीच्या पंपाकडे डोळा ठेवून असतात. एकाच देशात लिटरमागे इतका फरक असेल तर 'भारत' या एका शब्दापुढे एकच आकडा लिहिणे म्हणजे निकाल आधीच ठरवून ठेवणे होय.

नेपाळमध्येही निगम ठिकाणांचे गट पाडून भाव लावतो. तराईतील डेपोंजवळचा भाव कमी असतो, काठमांडू व पोखराचा त्याहून चढा. भूतानमध्ये फुन्शोलिंग आणि थिंफू यांचे भाव वेगळे असतात. याच्या उलट पाकिस्तानात वाहतूक खर्चाचे समानीकरण केलेले असल्यामुळे देशभर जवळजवळ एकच भाव राहतो आणि तेथे शहर निवडण्याचा प्रश्न फारसा उरत नाही.

निवडीचा नियम सोपा ठेवावा. सर्वसाधारण तुलनेसाठी राजधानीसमोर राजधानी घ्यावी आणि भारतासाठी दिल्लीबरोबर आपल्या वाचकांचे शहरही दुसऱ्या ओळीत द्यावे. सीमेवरच्या प्रश्नासाठी राजधान्या बाजूला ठेवून समोरासमोरची गावे घ्यावीत: रक्सौल आणि वीरगंज, जयगाव आणि फुन्शोलिंग.

सावधान: आपल्याकडचे सर्वांत महाग शहर आणि पलीकडचे सर्वांत स्वस्त ठिकाण अशी जोडी नकळतही लागू शकते. मुंबई आणि वीरगंज ही तशीच जोडी आहे.

टप्पा ५: तारीख आणि कालावधी जुळवा

भारतात १६ जून २०१७ पासून भाव रोज सकाळी ६ वाजता बदलू शकतो. नेपाळमध्ये इंडियन ऑइलकडून महिन्यातून दोनदा, १ आणि १६ तारखेला, नवे दर येतात व त्यानंतर निगम निर्णय घेतो. बांगलादेश आणि श्रीलंका यांचा बदल मासिक आहे. म्हणून सगळ्या ओळींसाठी एकच तारीख निवडावी आणि त्या तारखेला कोणता भाव लागू होता ते शोधावे. बातमीची तारीख आणि भाव लागू झाल्याची तारीख यांत अनेकदा एका दिवसाचे अंतर पडते, कारण बदल मध्यरात्रीपासून होतात.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. रोज बदलू शकणारा भारतातील भाव प्रत्यक्षात अनेकदा दीर्घकाळ हलत नाही. मे २०२२ मधील उत्पादन शुल्क कपातीनंतर दिल्लीत पेट्रोल ९६ रुपये ७२ पैशांवर जे थांबले ते मार्च २०२४ मधील दोन रुपयांच्या कपातीपर्यंत तेथेच राहिले. त्या काळात कच्चे तेल बरेच उतरले आणि पुन्हा चढले, शेजाऱ्यांचे भाव मात्र खालीवर होत होते. अशा वेळी एका दिवसाची तुलना हवी तशी करता येते: कच्चे तेल महाग असलेला दिवस निवडला की भारत स्वस्त, स्वस्त असलेला दिवस निवडला की भारत महाग. धोरणाविषयी काही म्हणायचे असेल तर किमान सहा महिन्यांची सरासरी काढावी. प्रवासाचा खर्च काढायचा असेल तर अर्थातच आजचा भाव पुरतो.

टप्पा ६: आता चलन बदला

सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश घ्यावा.

सोपे देश आधी. भूतानचे नगुल्ट्रम भारतीय रुपयाशी एकास एक जोडलेले आहे, म्हणून आकडा तसाच उतरवावा. नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून एक भारतीय रुपयास १.६० नेपाळी रुपये असा स्थिर आहे. नेपाळी भावाला १.६ ने भागावे. १६० नेपाळी रुपये म्हणजे १०० भारतीय रुपये. येथे दोन चुका दिसतात: भागण्याऐवजी गुणणे, आणि न भागता नेपाळी आकडाच भारतीय म्हणून पुढे ढकलणे. नेपाळमध्ये पेट्रोल पावणेदोनशे रुपये झाल्याच्या बातम्या या दुसऱ्या चुकीने आपल्याकडे फिरतात.

उरलेल्या देशांसाठी डॉलरमधून जावे लागते. रुपया आणि टका किंवा रुपया आणि श्रीलंकन रुपया यांचा थेट दर शोधण्याऐवजी दोन्ही चलनांचा त्याच दिवसाचा डॉलरशी असलेला दर त्या त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेकडून घ्यावा आणि एकाला दुसऱ्याने भागावे. त्याच दिवसाचा, हे शब्द अधोरेखित करण्यासारखे आहेत. श्रीलंकेच्या उदाहरणाने ते चटकन कळेल.

२६ जून २०२२ रोजी श्रीलंकेत ९२ ऑक्टेन पेट्रोलचा भाव ४७० श्रीलंकन रुपये झाला. त्या सुमारास एका डॉलरला सुमारे ३६० श्रीलंकन रुपये आणि ७८ च्या थोडे वर भारतीय रुपये पडत होते. ३६० ला ७८.३ ने भागल्यावर एका भारतीय रुपयास ४.६ श्रीलंकन रुपये येतात आणि ४७० ला ४.६ ने भागल्यावर भाव सुमारे १०२ रुपये निघतो. त्याच आठवड्यात पेट्रोल मुंबईत १११ रुपये ३५ पैसे आणि दिल्लीत ९६ रुपये ७२ पैसे होते. म्हणजे ज्या दिवसांत कोलंबोत पंपांवर मैलोगणती रांगा होत्या, त्या दिवसांत लंकेचे पेट्रोल कागदावर मुंबईपेक्षा स्वस्त आणि दिल्लीपेक्षा महाग होते.

आता दर चुकवून पाहा. कोणी मार्च २०२२ च्या सुरुवातीचा, म्हणजे डॉलरला सुमारे २०० श्रीलंकन आणि ७५.७ भारतीय रुपयांचा जुना दर वापरला असता तर तेच ४७० रुपये सुमारे १७८ भारतीय रुपये झाले असते. कोणी २०२५ च्या मध्याचा दर जुन्या भावाला लावला तर सुमारे १३४ येतात. भाव एकच, उत्तरे १०२, १३४ आणि १७८. समाजमाध्यमांवरील भांडणांत हे तिन्ही आकडे खरे म्हणून वावरू शकतात.

हेच उदाहरण आणखी एका कामाला येते. फेब्रुवारी २०२१ मध्ये लंकेतील भाव १३७ श्रीलंकन रुपये होता, म्हणजे भारतीय रुपयांत सुमारे ५१. जून २०२२ पर्यंत तो स्थानिक चलनात जवळपास साडेतीन पट झाला, पण भारतीय रुपयांत दुप्पटच. फरक गेला तो चलनाच्या घसरणीत. किती भाववाढ झाली हे सांगायचे असेल तर स्थानिक चलनातील आकडे वापरावेत. रुपयांत बदललेल्या आकड्यांवरून भाववाढीची टक्केवारी काढू नये.

सावधान: अधिकृत दर आणि खुल्या बाजारातील दर यांत मोठी दरी असेल तर दोन्ही लिहावेत. बांगलादेशात ६ ऑगस्ट २०२२ पासून पेट्रोल ८६ वरून १३० टका झाले. तेव्हाच्या अधिकृत दराने, म्हणजे डॉलरला सुमारे ९५ टका धरल्यास, हा भाव १०९ रुपयांच्या जवळ येतो आणि मुंबईच्या तेव्हाच्या १०६ रुपयांपेक्षा महाग ठरतो. त्याच महिन्यात खुल्या बाजारात डॉलर ११५ टक्यांच्या आसपास व त्याहूनही वर गेला होता. तो दर लावला तर भाव ९० रुपये निघतो आणि निकाल उलटतो. म्यानमारमध्ये तर ऑगस्ट २०२२ पासूनचा डॉलरला २,१०० क्यात हा अधिकृत दर बाजारापासून इतका दूर गेला की केवळ त्यावर आधारलेली तुलना करूच नये.

पडताळणी: रुपयांतील उत्तर पुन्हा दराने गुणून मूळ भाव परत येतो का पाहावे. नंतर उत्तराकडे दुरून पाहावे. शेजारच्या देशाचा भाव आपल्या भावाच्या निम्म्याहून कमी किंवा दीडपटीहून जास्त निघाला तर ते अशक्य नाही, पण दर, प्रत आणि तारीख या तिन्ही गोष्टी नव्याने तपासल्याशिवाय तो आकडा बाहेर जाऊ देऊ नये.

टप्पा ७: कर वेगळा काढा (प्रश्न करांचा असेल तरच)

भारताचेच पेट्रोल नेपाळ आणि भूतानमध्ये स्वस्त कसे मिळते, हा प्रश्न या विषयात हमखास येतो. उत्तर साधे आहे. मोतिहारी ते अमलेखगंज या ६९ किलोमीटरच्या पाइपलाइनमधून किंवा टँकरमधून नेपाळला जाणाऱ्या मालावर आपल्या पंपावरचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट नसतो. नेपाळ त्यावर आपले सीमाशुल्क, १३ टक्के मूल्यवर्धित कर आणि रस्ते व पायाभूत सुविधांसाठीचे कर लावतो. भारत त्यांना स्वस्तात देतो आणि आपल्याला महागात, असे नसून दोन सरकारे एकाच मालावर वेगवेगळा कर आकारतात.

करापूर्वीची किंमत काढण्यासाठी इंडियन ऑइलच्या संकेतस्थळावरील दिल्लीच्या किंमत-रचनेपासून सुरुवात करावी. तीत मूळ किंमत, वाहतूक, उत्पादन शुल्क, पंपचालकाचे कमिशन आणि व्हॅट हे घटक वेगळे दिलेले असतात. उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपयांत असते. मे २०२२ नंतर ते पेट्रोलवर १९ रुपये ९० पैसे होते आणि एप्रिल २०२५ मध्ये दोन रुपयांनी वाढले, पण पंपावरचा भाव तेव्हा वाढला नाही. राज्याचा व्हॅट मात्र बहुधा टक्क्यांत असतो आणि तो उत्पादन शुल्क धरून झालेल्या किमतीवर लागतो. मुंबई, ठाणे व नवी मुंबई या पट्ट्यात जुलै २०२४ पासून पेट्रोलवरील व्हॅट २६ वरून २५ टक्के झाला. जुन्या लेखांतील दर उचलणाऱ्यांनी हे तपासावे.

चूक होते ती टक्केवारीच्या पायात. समजा, करापूर्वी किंमत ५५ रुपये, कर ४५ रुपये आणि विक्री १०० रुपयांना. कर हा विक्री किमतीच्या ४५ टक्के आहे आणि मूळ किमतीच्या ८२ टक्के. एका देशाची टक्केवारी पहिल्या पद्धतीने आणि दुसऱ्याची दुसऱ्या पद्धतीने घेतलेली कोष्टके छापील मजकुरातही आढळतात. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे टक्के सोडून लिटरमागे रुपये लिहिणे.

टप्पा ८: झळ मोजा (प्रश्न मिळकतीचा असेल तरच)

येथे रुपयांत बदललेला भाव अजिबात वापरू नये. स्थानिक चलनातील भाव आणि त्याच चलनातील मिळकत घ्यावी, म्हणजे विनिमय दराचा प्रश्नच मिटतो. दरडोई वार्षिक उत्पन्नाला ३६५ ने भागून रोजची मिळकत काढावी आणि एका लिटरसाठी तिचा कितवा हिस्सा जातो ते लिहावे. उत्पन्नाचे आकडे सगळ्या देशांसाठी एकाच संस्थेच्या एकाच वर्षाच्या अहवालातून घ्यावेत.

क्रयशक्तीनुसार, म्हणजे त्या देशात पैशाला किती वस्तू येतात हे धरून, बदललेला भाव देणारेही असतात. तो झळ दाखवतो. त्या भावाने कोणी पेट्रोल विकत नाही. तो पंपावरच्या भावाच्या रकान्यात कधीही ठेवू नये.

भाव आणि उपलब्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही येथेच नोंदवावे. २०२२ च्या उत्तरार्धात श्रीलंकेत क्यूआर कोडवर आठवड्याचा कोटा ठरवून दिला गेला आणि सुरुवातीला मोटारसायकलला आठवड्याला ४ लिटर मिळत होते. अशा काळातील अधिकृत भाव हा त्या चार लिटरांचा भाव असतो. पाचव्या लिटरचा भाव काळ्या बाजारात ठरतो. शक्य असेल तर तक्त्यात 'रेशनिंग लागू' असा शेरा मारावा.

टप्पा ९: सीमेवर टाकी भरण्याचा हिशेब

लिटरमागील फरकाला टाकीत मावणाऱ्या लिटरांनी गुणावे आणि त्यातून जास्तीच्या अंतराचा खर्च वजा करावा. समजा, फरक १२ रुपयांचा, टाकीत ३० लिटरची जागा आणि जाऊन-येऊन जास्तीचे अंतर ५० किलोमीटर आहे. वाचतात ३६० रुपये. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल आणि पलीकडे भाव ९० रुपये असेल तर फेरीलाच ३०० रुपयांचे पेट्रोल जळते, आणि हाती ६० रुपये उरतात. लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या मोटारसायकलवर ८ लिटर भरले तर ९६ वाचतात आणि ९० जातात. अंतर दहा किलोमीटरच्या आत असेल, किंवा काही कामाने पलीकडे जायचेच असेल, तरच हा उद्योग करावा. निपाणी आणि पत्रादेवीलाही हाच हिशेब लागू पडतो.

नेपाळच्या बाबतीत आणखी एक खर्च धरावा: भारतीय गाडी आत नेण्यासाठी सीमेवर भन्सार (सीमाशुल्क) कार्यालयात दिवसागणिक शुल्क भरावे लागते. केवळ टाकी भरण्यासाठी जाणाऱ्याची बचत तेथेच संपू शकते.

सावधान: गाडीच्या टाकीत भरून आणणे आणि कॅनमध्ये भरून आणणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. परवान्याशिवाय कॅनमधून पेट्रोल सीमापार आणणे ही तस्करी ठरते आणि सीमेवर माल जप्त होतो. शिवाय प्लास्टिकच्या डब्यात पेट्रोल घेऊन प्रवास करणे जिवावर बेतू शकते.

टप्पा १०: प्रसिद्ध करण्यापूर्वी

तक्त्याच्या शीर्षकातच तारीख, शहर आणि प्रत आली पाहिजे. 'शेजारी देशांतील पेट्रोलचे भाव' हे शीर्षक अपुरे आहे. 'अमुक तारखेचे, राजधानीच्या शहरांतील, सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या प्रतीच्या पेट्रोलचे भाव' असे लांबलचक शीर्षक चालेल. तक्त्याखाली विनिमय दर लिहावेत आणि स्थानिक चलनाचा रकाना ठेवावाच, कारण वाचकाला हिशेब तपासता येतो तो त्या रकान्यावरूनच. रुपयांतील आकडे पैशांपर्यंत देऊ नयेत. विनिमय दरातील रोजच्या चढउतारात ते पैसे विरून जातात.

एखाद्या देशाचा त्या तारखेचा भाव मिळाला नाही तर आदल्या महिन्याचा भरू नये, रकाना रिकामा सोडावा. भावांत दोन-तीन रुपयांचाच फरक असेल तर 'जवळपास सारखा' असे लिहावे आणि क्रमांक लावू नयेत. शेवटी तक्ता चित्राच्या रूपात पाठवायचा असेल तर तारीख चित्राच्या आतच लिहावी. खालचा मजकूर पुढे पाठवताना गळून पडतो, आणि दोन वर्षांनी तेच चित्र आजचा भाव म्हणून फिरू लागते.